सुरक्षेचा नियम जरूर करा, पण मोजपट्टी टेबलावर ठेवा

प्रति,
जागतिक मोटर स्पोर्ट परिषदेचे सर्व सदस्य
आणि एफआयएच्या (मोटर स्पोर्टच्या जागतिक नियामक संस्थेच्या) तांत्रिक विभागात नियम लिहिणारे अभियंते

प्रत : सर्व संघांचे तांत्रिक संचालक (पत्रातला बराच भाग त्यांच्यासाठीच आहे)

विषय : सुरक्षेच्या कारणावरून हंगामाच्या मध्यात होणारे तांत्रिक बदल आणि त्यावरचे वाद

स. न. वि. वि.

फॉर्म्युला वनच्या गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, दहा मिलिमीटर जाडीची. शर्यत संपली की तपासनीस फळीच्या ठरलेल्या भोकांपाशी जाडी मोजतात. आकडा नऊ किंवा त्याहून जास्त भरला तर गाडी सुटली. कमी भरला तर निकालातून नाव गेले. फळी खड्ड्याने घासली की ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याने, याची चौकशी कुणी करत नाही. २०२५ मध्ये लास वेगासला लँडो नॉरिसच्या गाडीची फळी एका ठिकाणी ०.१२ मिलिमीटरने कमी भरली आणि त्याचा दुसरा क्रमांक गेला. त्याच कारणाने त्याच्याच मॅक्लारेन संघातल्या ऑस्कर पियास्ट्रीचा चौथा क्रमांकही गेला. गाडी अनपेक्षितपणे उसळत होती, असे मॅक्लारेनने सांगितले. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, संघाच्या प्रतिनिधींसमोर पुन्हा मोजले आणि निकाल दिला. विजेतेपदाची चुरस ऐन रंगात आली होती, तरीही आकड्याबद्दल वाद घालायला जागा उरली नाही.

ही फळी मुळात सुरक्षेचा नियम आहे. सुरक्षेचा नियम कसा असावा आणि कसा नसावा, याचे दोन्ही नमुने तिच्या जन्माच्या उन्हाळ्यात एकत्र सापडतात, म्हणून पत्राची सुरुवात तिच्यापासून.

१९९४ मध्ये इमोलाला ३० एप्रिलला रोलँड रॅटझेनबर्गर आणि दुसऱ्या दिवशी आयर्टन सेना हे चालक अपघातात गेले. गाड्यांचा वेग तातडीने कमी करणे भाग होते, त्याबद्दल दुमत असायचे कारण नव्हते. पण चार आठवड्यांनी होणाऱ्या बार्सिलोनाच्या शर्यतीसाठी हुकूम निघाला तो असा : डिफ्यूझर (तळाच्या मागचा, हवा बाहेर सोडणारा चढता भाग) छाटा, पुढच्या विंगच्या टोकाच्या पट्ट्या साध्या करा. संघांनी कडाडून विरोध केला आणि बार्सिलोनात शुक्रवारी अनेकांनी गाड्या बाहेर काढायलाच नकार दिला. तेव्हा याकडे आडमुठेपणा म्हणून पाहिले गेले. त्यांच्या म्हणण्यात तांत्रिक तथ्य मात्र होते.

डिफ्यूझर छाटला की मागच्या चाकांवरचा डाउनफोर्स, म्हणजे हवेचा खाली दाबणारा जोर, घटतो आणि गाडीची शेपटी सुटू लागते. ती ताब्यात ठेवायला अभियंता मागचा विंग आणखी उभा करतो. मग विंगच्या खांबांवर, ते खांब जिथे गिअरबॉक्सला बसतात त्या बोल्टांवर आणि कार्बनच्या थरांना जिथे धातूची पट्टी चिकटवली आहे त्या सांध्यावर भार वाढतो. हे सगळे भाग जुन्या भाराच्या हिशेबाने आखलेले आणि जुन्याच भाराला तपासलेले. शिवाय वाढलेला भार नुसता खाली दाबत नाही, मागेही ओढतो आणि खांबाला वाकवतो. हे नव्याने तपासायला चार आठवडे पुरत नाहीत, कारण त्यातले दोन-तीन नुसते साचे आणि नवे भाग करण्यात जातात. बार्सिलोनाच्या आधी काहीच दिवस, नव्या नियमांप्रमाणे बदललेल्या गाडीच्या चाचणीत सिल्व्हरस्टोनला पेद्रो लामीच्या लोटसचा मागचा विंग निखळला. गाडी कुंपण ओलांडून पलीकडे पडली. तो वाचला, पण गंभीर जखमी झाला.

त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये हॉकेनहाइमपासून फळी आली. फळीने काय केले? जमिनीपासूनची उंची राखायची जबाबदारी संघावर टाकली आणि ती पाळली की नाही हे ओळखायची साधी खूण गाडीलाच चिकटवली. कोणता भाग कसा बदलायचा हे सांगितलेच नाही. गाडी फार खाली आणाल तर फळी घासेल, मग तुमचे तुम्ही बघा. ऑगस्टमध्ये स्पा येथे मायकेल शूमाकर पहिला आला आणि फळी जास्त घासली म्हणून बाद झाला. कडेच्या उंचवट्यावर गाडी फिरली तेव्हा घासली, अशी त्याच्या बेनेटन संघाची बाजू होती. ती मान्य झाली नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे. सुरक्षेसाठी बदल करण्याचा आपला अधिकार कुणी नाकारत नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेत इतर बदलांना पूर्वसूचनेची मुदत लागते आणि सुरक्षेच्या बदलाला लागत नाही, ते योग्यच आहे. पण ज्या दाराला मुदतही नाही आणि मतदानही नाही, त्या दारातून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसोबत मोजमापाची पद्धत उघडपणे आली पाहिजे. ती आली नाही की सुरक्षेची चर्चा एका आठवड्यात कुणाला फायदा आणि कुणाला तोटा यावर घसरते.

मोजायचे कधी आणि कुठे, हे चुकले की काय होते त्याचा सर्वांत ठळक नमुना १९८१ चा आहे. वळणांवरचा वेग आटोक्यात आणायला गाडीच्या कडेचे सरकते स्कर्ट (तळाखालची हवा अडवणारे पडदे) काढून टाकले आणि जमिनीपासून सहा सेंटिमीटर मोकळी जागा सक्तीची केली. मोजायचे कधी? गाडी उभी असताना. ब्रॅबहॅम संघाच्या बीटी ४९ सी गाडीत असे हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन बसवले होते की वेग वाढला की हवेच्या दाबाने गाडी खाली बसे, आणि पिटमध्ये परतताना वेग उतरला की हळूहळू वर येई. मोजायला उभी केली की सहा सेंटिमीटर पुरे. नियमाचा शब्द पाळला होता आणि हेतू धुळीला मिळाला होता. बाकीच्यांनी आधी तक्रार केली आणि मग नक्कल. परिणाम असा की खाली बसलेल्या गाड्यांना स्प्रिंग जवळजवळ उरलीच नाही, सगळे हादरे थेट चालकाच्या कण्यात. १९८३ साठी तळ सपाट करण्याची सक्ती झाली तेव्हा तो प्रकार संपला. चाळीस वर्षांनी तीच पाठदुखी परत आली, त्याकडे पुढे येतोच.

एका धोक्यावरचा उपाय दुसरा धोका जन्माला घालतो, हेही नवे नाही. २००४ मध्ये वेग कमी करण्यासाठी म्हणून आपण पुढच्या वर्षीचे नियम आणले. संघांचे एकमत होईना, तेव्हा ते लादले गेले. त्यात एक कलम होते की पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच संचाच्या टायरवर काढायची. टायर टिकाऊ करावे लागतील, रबर कडक होईल, वेग उतरेल, असा हिशेब. कागदावर तो बरोबरही आहे. पण टायर घासून सपाट झाला किंवा आतून थकला, तरी तो बदलण्याचा रस्ता जवळपास बंद झाला. मे २००५ मध्ये न्युर्बर्गरिंगला किमी रायकोनेन सपाट डाग पडलेला पुढचा टायर घेऊन आघाडीवर पळत राहिला. प्रत्येक फेरीला तो डाग हातोडीसारखा सस्पेन्शनवर आदळत होता, आणि शेवटच्या फेरीत सस्पेन्शन तुटले. तीन आठवड्यांनी इंडियानापोलिसचे तेरावे वळण आले. तिरक्या बांधणीचे ते वळण टायरला एकाच वेळी बाजूने ओढते आणि वरून दाबते, आणि मिशेलिन कंपनीच्या टायरांना तो भार सोसवेना. वळणाआधी शिकेन (वेग तोडणारी छोटी वळणे) टाकायची मागणी झाली, आपण नाकारली. चौदा गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे सुरुवातीआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये परतल्या आणि सहा गाड्यांची शर्यत झाली. पुढच्या वर्षी टायर बदलण्याची मुभा परत आली. इंडियानापोलिसला चूक मिशेलिनची होती, हे आम्ही मान्य करतो. पण टायर बदलण्याची मुभा असती तर प्रश्न निदान सोडवता येण्यासारखा राहिला असता.

टायरचा विषय निघालाच आहे तर २०१३ बद्दलही बोलू. त्या वर्षी मागच्या टायरमध्ये स्टीलचा पट्टा होता आणि हंगामाच्या सुरुवातीपासून टायरची वरची कातडी सुटून येत होती. टायर पुरवणाऱ्या पिरेलीला रचना बदलायची होती. त्यासाठी सर्व संघांची संमती लागत होती. ज्यांच्या गाड्या त्याच टायरवर चांगल्या धावत होत्या, ते संघ कशाला देतील? ३० जूनला सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टन, मासा, व्हर्न आणि पेरेझ या चौघांचे डावे मागचे टायर फुटले. आठवडाभरात केव्हलारच्या पट्ट्याचे मागचे टायर आले, त्यानंतर हंगेरीपासून आधीच्या वर्षीची रचना परतली. म्हणजे बदल शक्य होता, तयारही होता, फक्त मताच्या रांगेत अडकला होता. फुटण्याची कारणे पाहा : संघ डावा टायर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवत होते, सांगितल्यापेक्षा कमी दाब ठेवत होते, कॅम्बर (चाकाचा आतला कल) जास्त देत होते आणि वळणाच्या कडेच्या उंचवट्यांवरून गाडी नेत होते. टायरची रचना दोन बाजूंना सारखी नव्हती, त्यामुळे उलटा बसवला की जी बाजू बळकट असायला हवी ती भलतीकडे जाई. यातली एकही गोष्ट तेव्हा नियमाने बंद नव्हती, नुसती शिफारस होती. शिफारस आणि नियम यांच्यातली ती फट सर्वांना माहीत होती, संघांना, टायरवाल्यांना आणि आपल्यालाही.

आठ वर्षांनी बाकूला तीच फट पुन्हा दिसली. जून २०२१ मध्ये मॅक्स व्हर्स्टापेन आणि लान्स स्ट्रोल यांचे डावे मागचे टायर सरळ रस्त्यावर गेले. आतल्या बाजूची साइडवॉल गोलाकार फाटली होती. दोन्ही संघांनी सुरुवातीच्या दाबाचा नियम पाळला होता. घोळ मोजण्याच्या क्षणात होता. दाब तपासला जायचा तो टायर ब्लँकेटमध्ये (टायर तापवायच्या वेष्टनात) तापलेला असताना. त्या घडीला रिम आणि आतली हवा जितकी गरम, तितका आकडा फुगलेला. गाडी पळू लागली की टायर आपल्या तापमानाला स्थिरावतो आणि खरा दाब अपेक्षेपेक्षा कमी राहू शकतो. दाब कमी असलेला टायर वेगात जमिनीला टेकून सुटताना लाटेसारखा लवतो, आणि प्रत्येक चक्कराला साइडवॉलचा तोच पट्टा दुमडतो आणि उलगडतो. तार वाकवून वाकवून तोडतो तसाच हा प्रकार आहे. पुढे आपण तपासणीची पद्धत कडक केली, ते चांगलेच झाले. १९८१ ची सहा सेंटिमीटर आणि २०२१ चा ब्लँकेटमधला दाब ही एकच चूक आहे : धोका पळत्या गाडीत, मोजमाप उभ्या गाडीचे.

आता २०२२. सध्याच्या वादांची मुळे तिथे आहेत, म्हणून जरा थांबून.

नव्या गाड्यांचा तळ बोगद्यांचा होता आणि बराचसा डाउनफोर्स तिथून येत होता. वेग वाढला की हवा गाडीला खाली ओढते. गाडी फार खाली गेली की तळाखालची वाट चिंचोळी होऊन प्रवाह कोंडतो, डाउनफोर्स एकदम पडतो आणि गाडी टायरवर उसळते. वर आली की प्रवाह पुन्हा लागतो, पुन्हा खाली. हे सेकंदाला पाच-सहा वेळा. माणसाचे धड उभ्या हादऱ्याला साधारण चार ते आठ हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जास्त साथ देते, म्हणजे उसळी नेमकी पाठीच्या मर्मावर बसते. तिला जिरवणारी हत्यारे नियमांनीच काढून घेतली होती. मास डँपर २००६ पासून बंद होता, इनर्टर आणि हायड्रॉलिक सस्पेन्शन २०२२ पासून बंद झाले. उरली होती ती ताठ स्प्रिंग आणि टायरची हवा, जिला डँपर नसतो. जूनमध्ये बाकूला लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरला. चारच दिवसांत आपला तांत्रिक निर्देश निघाला.

निर्देशाचा गाभा आम्हाला पटतो, हे स्पष्टपणे लिहितो. उसळीचे मोजमाप ठरवायचे, दर १०० किलोमीटरला किलोग्रॅममागे १० ज्यूल ही मर्यादा घालायची, आणि ती ओलांडणाऱ्या गाडीला धोकादायक बांधणीची गाडी मानून स्टुअर्डकडे पाठवायचे. तळ बदला असे सांगितले नाही, परिणाम आटोक्यात ठेवा असे सांगितले. फळीच्याच जातीचा नियम हा. ज्याची गाडी उसळत नाही त्याला काही करावे लागत नाही. ज्याची उसळते त्याने उंची वाढवावी, फेरीमागे काही दशांश सेकंद सोडावेत आणि चालकाची पाठ वाचवावी.

बिघडले ते अंमलबजावणीत. गणिताची पद्धत निर्देशात गेली, आणि निर्देश संघांपुरते असतात. हा आकडा कोणत्या सेन्सरवरून काढतात? सेन्सर गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ असेल तर नाक वर-खाली होताना आसनापाशी जो हादरा बसतो तो त्यात पुरता येत नाही, कारण चालक मध्याच्या पुढे बसतो. कच्चा संकेत कोणत्या वारंवारतेपाशी गाळला? चाळणी थोडी खाली सरकवली की कडेच्या उंचवट्याचा धक्का गळून जातो, वर सरकवली की इंजिनाची थरथरही आत येते. आणि बेरीज हा एकच आकडा घेतला तर थोडेसेच पण जबर दणके आणि पुष्कळ पण हलके दणके सारखेच दिसतात. मणक्याला ते सारखे नसतात. या प्रश्नांची उत्तरे आपल्या अभियंत्यांकडे असतीलच. ती नियमपुस्तकात नव्हती, एवढाच आमचा आक्षेप.

त्यात त्याच निर्देशाने तळाला आधाराचा दुसरा ताण, म्हणजे तळ लवू नये म्हणून बांधलेली तार, लावायची मुभा दिली. गुरुवारी निर्देश निघाला आणि शुक्रवारी माँट्रियलला मर्सिडीजच्या गाडीवर तो ताण दिसला. प्रतिस्पर्धी भडकले. त्यांचा मुद्दा सरळ होता : निर्देश हा नियमाचा अर्थ लावण्यासाठी असतो, तो नियम बदलू शकत नाही. दुसरा ताण नियमात बसत नसेल तर तो निर्देशाने कायदेशीर होत नाही. मर्सिडीजने तो काढून ठेवला. यातून पाठीचा विषय मागे पडला आणि कुणाला आधी माहीत होते यावर चर्चा रंगली. सुरक्षेच्या नियमाची याहून वाईट सुरुवात दुसरी नसेल.

मग फळीचा मुद्दा आला. मोजायच्या भोकांभोवतीचा भाग दोन मिलिमीटरपर्यंत लवू शकत असे. काही गाड्यांत तो भाग जमिनीला लागला की वर सरकतो आणि घासण्यापासून वाचतो, असा दावा होता. तेही त्याच निर्देशाच्या पिशवीत टाकले आणि सगळे मिळून ऑगस्टअखेर स्पापासून लागू केले. उसळीची मर्यादा वैद्यकीय कारणाने, फळीचा लवचीकपणा नियमाच्या पळवाटेमुळे. दोन वेगळ्या गोष्टी एका पाकिटात घातल्या की दुसरीचा संशय पहिलीला चिकटतो.

२०२३ साठी तळाच्या कडा २५ मिलिमीटर उचलायचा प्रस्ताव होता, वादावादीनंतर १५ वर तडजोड झाली. १५ का आणि २५ का नाही, याचे गणित बाहेर आले नाही. बाजारातल्या घासाघिशीसारखा तो आकडा ठरल्याचे चित्र उभे राहिले. आणि ज्या रेड बुलने या बदलाला जोरदार विरोध केला, तिने पुढच्या वर्षी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. बदलाचा फायदा कुणाला होईल यावर भांडणाऱ्या सर्व तांत्रिक संचालकांनी हा आकडा एकदा पाहावा. आपले भाकीत इतके कच्चे असेल तर त्याच्या आधारावर सुरक्षेच्या बैठकीत मत देण्यात अर्थ काय?

तुम्हा संघांना आणखी एक. चालकाची पाठ दुखते म्हणता, तर गाडी पाच मिलिमीटर वर का घेतली नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. उत्तरही आम्हाला ठाऊक आहे : एकट्याने उंची वाढवली तर आपणच मागे पडतो, सगळ्यांनी वाढवली तर कुणीच पडत नाही. म्हणूनच तर बाहेरून मर्यादा घालणारा हवा. मग ती घातल्यावर रडायचे नाही.

वाद न चिघळताही बदल होतात, ते कसे होतात हेही पाहू. २०१७ मध्ये हेलोला, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याला, बहुसंख्य संघांचा विरोध होता. दिसायला वाईट, वजन वर जाते, चालकाला बाहेर पडायला अडचण. आपण सुरक्षेच्या अधिकारात ते २०१८ पासून लागू केले. पण त्यासोबत आकडे होते : टायटॅनियमचे साधारण सात किलोचे कडे, वरून ११६ किलोन्यूटनचा भार पाच सेकंद सोसायचा, आणि त्याआधीच्या चाचण्यांत २० किलोचे चाक ताशी २२५ किलोमीटर वेगाने त्यावर मारून पाहिलेले. भाग सगळ्यांना सारखा, चाचणी सगळ्यांना सारखी. आवडनिवड बाजूला राहिली. बहारीनला २०२० मध्ये रोमें ग्रोज्याँची गाडी लोखंडी कठडा फोडून गेली तेव्हा त्याचे डोके वाचले ते त्या कड्यामुळे.

रोल हूपचेही, म्हणजे गाडी उलटली तर चालकाचे डोके वाचवणाऱ्या कमानीचेही, तसेच. जुलै २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला झोऊ ग्वानयूची गाडी उलटली आणि हूप तुटला. ती गाडी चाचणी पास झालेली होती. चाचणीत भार एका ठरलेल्या बिंदूवर, ठरलेल्या दिशेने देतात. अपघातात मात्र पात्यासारखा अरुंद हूप जमिनीवर घासत, रुतत गेला आणि भार अशा दिशेने आला जी चाचणीत नव्हती. उपाय नेमका त्यावर झाला : वरचा भाग गोलसर, म्हणजे तो रुतणार नाही. शिवाय पुढच्या दिशेने भार देणारी वेगळी चाचणी. पुढे २०२६ च्या गाड्यांसाठी १६ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या सोळापटीच्या) जागी २० जी धरून चाचणीचा भार १४१ किलोन्यूटनवरून १६७ वर नेला. यावर पत्रकार परिषदा गाजल्या नाहीत. किलोन्यूटनवर राजकारण करणे अवघड असते.

अमेरिकेतल्या नासकार शर्यतींच्या नव्या गाडीचा धडाही नोंदवून ठेवतो, कारण तो उलट्या बाजूचा आहे. २०२२ ची ती गाडी पाहणाऱ्याला अधिक मजबूत वाटे, मोठ्या अपघातातही सांगाडा शाबूत. पण मागचा सांगाडा इतका ताठ होता की मागून कठड्यावर आदळल्यावर तो चुरडायचा नाही आणि धक्का सरळ चालकाच्या डोक्याला पोचायचा. कर्ट बुश पोकोनोला पात्रता फेरीत मेंदूला मार बसून त्या हंगामातून बाहेर पडला. धक्के जास्त लागतात, असे चालक आधीपासून सांगत होते. भाग एकाच पुरवठादाराचे, संघांना हात लावायची परवानगी नाही. त्यामुळे दुरुस्ती संघटनेनेच करायची होती आणि ती धडक चाचणीनंतर पुढच्या हंगामासाठी आली. चालकाची तक्रार हाही डेटाच असतो, फक्त त्याला एकक नसते.

आता मागण्या. हंगामाच्या मध्यात शक्य तोवर परिणामाला मर्यादा घाला, आकार बदलायचा असेल तर हंगामाची सीमा पाळा. १९९४ सारखी वेळ आली आणि आकार तातडीने बदलावाच लागला, तर त्या बदलाने ज्या भागांवरचा भार बदलतो त्यांची यादी निर्देशातच द्या, आणि नव्या अपेक्षित भाराच्या दीडपटीला ते भाग स्थिर चाचणीत सोसल्याचा कागद दिल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडू नका. विंगचे खांब, त्यांचे बोल्ट, तळाचे आधार, एवढे तरी. चाचणीसाठी वेळ कमी पडतो म्हणाल, तर एक शुक्रवार फुकट जाऊ दे.

दुसरे, शर्यतीनंतरची तपासणी. २०२३ मध्ये ऑस्टिनला चार गाड्यांच्या फळ्या मोजल्या आणि त्यातल्या दोन, हॅमिल्टन आणि लक्लेर्कच्या, बाद ठरल्या. स्प्रिंटचा, म्हणजे छोट्या जादा शर्यतीचा, आठवडा होता, सरावाला एकच तास मिळालेला, मग पार्क फर्मेमध्ये (गाडीत बदल करायला मनाई असते त्या काळात) उंची बदलायला बंदी. चारातल्या दोन निघाल्या तेव्हा उरलेल्या गाड्याही मोजायला हव्या होत्या, हे शाळकरी पोरालाही कळते. निदान एक गाडी बाद झाली तर गुण मिळवलेल्या सगळ्या गाड्या मोजल्या जाव्यात, असे कलम घाला. आणि स्प्रिंटच्या आठवड्यात सुरक्षेच्या कारणाने उंची वाढवायला, फक्त वाढवायला, पार्क फर्मेमध्येही परवानगी द्या. खाली आणायला नको.

तिसरे, निर्देशाला मुदत हवी. चार शर्यतींत परिषदेने तो नियमपुस्तकात घेतला नाही तर तो आपोआप रद्द व्हावा. आणि एका निर्देशात एकच धोका. पळवाट बुजवायची असेल तर ती वेगळ्या कागदावर बुजवा.

चौथी मागणी सर्वांत सोपी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. सुरक्षेच्या कारणाने निघालेला प्रत्येक निर्देश त्याच दिवशी जाहीर करा. संघांची गुपिते त्यातून वगळा, हरकत नाही, कुणाच्या गाडीचा आकडा किती होता हे आम्हाला नको. एकच पान जोडा : कोणती इजा टाळायची आहे, सेन्सर कुठे बसवला आहे, संकेत कोणत्या चाळणीतून गेला, सूत्र काय, मर्यादा किती, मोजणार कोण आणि कधी, मुदत कधी संपते. फळीच्या बाबतीत हे सगळे दोन ओळींत मावते.

कळावे,

आपले,
नियमपुस्तकाच्या तळटीपाही वाचणारे काही रेसिंगप्रेमी